बाळारामाची घडीची होडी

बाळाराम छत्रीवाल्याच्या घरी कुणी पहिल्यांदा निघालं की मी त्याला बजावून ठेवतो, बाबा रे, तो 'बसा' म्हणाला तरी लगेच बसू नकोस. आधी खुर्चीला हात लाव. मग जरा टेक. मोडली नाही, मिटली नाही, तर मग बस. कारण बाळारामाच्या घरातली एकूण एक वस्तू घडीची आहे, आणि कुठली वस्तू कधी स्वतःची घडी घालून घेईल याचा नेम नाही. आमचा कर्जत-भिसेगावचा पोस्टमन एकदा त्या खुर्चीत असा मिटला की गुडघे हनुवटीला लागले आणि टपालाची पिशवी डोक्यावर आली. तो बोंबलत होता आणि बाळाराम खुर्चीभोवती फिरून बघत होता. म्हणाला, "बगा, माणसासकट घडी व्हते! किती कमी जागा लागली!"

खाट घडीची, शिडी घडीची, पाट घडीचा. देव्हारासुद्धा घडीचा. पूजा झाली की देव डब्यात आणि देव्हारा भिंतीला. एकदा त्याच्या बायकोनं, म्हणजे यमुनावहिनीनं, देव उचलायच्या आधीच यानं देव्हारा मिटवला. बाळकृष्ण सापडेना. सगळी आळी शोधाला लागली. दुसऱ्या सकाळी पूजेला देव्हारा उघडला तर देव आपले आत आडवे.

धंदा छत्र्या दुरुस्तीचा. पावसाळ्यात छत्र्या, बाकी दिवसांत ट्रकच्या ताडपत्र्या शिवायच्या. जन्मभर छत्र्या उघडल्या आणि मिटल्या, त्यामुळं त्याचं असं मत झालेलं, की देवानं जग चांगलं बनवलं पण बिजागऱ्या लावायला विसरला. कुठलीही वस्तू बघितली की एकच प्रश्न, "ह्याची घडी व्हईल का?" बैलगाडीची व्हईल का, गिरणीच्या पट्ट्याची व्हईल का. माझ्या मेव्हण्यानं नवीन म्हैस आणली, आम्ही सगळे दूध किती विचारतोय, आणि हा तिच्या पायाकडं बघत म्हणतो, "बसते तवा घडी बरीक झकास घालते हां."

माझं सायकलचं दुकान त्याच्या दुकानाला लागून. मधे एक फळी. त्यामुळं त्याचं सगळं वेड माझ्या कानावरून गेलेलं आहे. पण होडीची गोष्ट खरी सांगायची ती माझ्या बायकोनं, पार्वतीनं. ती सांगायला लागली की चुलीवरचं उतू जायचं आणि ऐकणारे हसून आडवे व्हायचे. गेल्या साली ती गेली. गणपतीत पाहुणे आले, त्यातल्या एकानं सवयीनं म्हटलं, "ती होडीची गोष्ट सांगा की," आणि मग सगळे जेवणाच्या ताटाकडं बघत बसले. म्हणून लिहायला घेतलं. तिच्यासारखं मला जमायचं नाही. शाळा चौथीत सुटली, आणि माझं बोलणं लोकांना टोचतं. असो.

होडी समजायची तर बाळारामाचा डावा कान समजला पाहिजे.

त्या कानाची पाळी मधोमध चिरलेली आहे. दुकानात बसला की तो त्या चिरेत दोरा अडकवून ठेवतो, सुईत ओवायला बरा. ही चीर त्याच्या लग्नातली. यमुनावहिनीचं माहेर अलिबागच्या पुढं, समुद्राकाठी. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत तिथं. नारळी-पोफळीची वाडी आहे त्यांची. लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, म्हणजे माझ्या बहिणीला नीट वागव अशी समज द्यायची, आणि नवरदेवानं त्याला टोपी-उपरणं द्यायचं, एवढा तो विधी. सगळीकडं नुसता हात लावल्यासारखा करतात. पण वहिनीचा भाऊ दामू रोज माडावर चढणारा गडी. बोटं म्हणजे सांडशी. त्यात एकुलती बहीण. त्यानं मनापासून पिळला. बाळारामाच्या कानात तेव्हा बाळी होती. बाळी दामूच्या हातात आली.

मांडवात रक्त. मुंडावळ्या सुटल्या. बाळाराम भर मांडवात उभा राहून ओरडला, "पुन्ना ह्या गावच्या वाटेला पाय लावीन तर बापाचं नाव लावनार नाय!"

दामू बिचारा पायावर डोकं ठेवायला आला. नंतरही किती वेळा निरोप धाडले. दर वर्षी टोपलीभर नारळ येतात. बाळाराम नारळ खातो. म्हणतो, "नारळाशी माजं भांडान नाय." पण त्या वाटेला पाय लावला नाही तो नाहीच. वहिनी वर्षातून एकदा एकटी माहेरी जायची आणि एकटी यायची. मूलबाळ झालं नाही, नाहीतर त्या निमित्तानं तरी जावं लागलं असतं.

आता वहिनीची आई म्हातारी झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. वहिनी जाईल तेव्हा तिचं एकच चालायचं, "एकदा जोडीनं ये गं. मला दिसतंय तोवर जावयाचं तोंड बगू दे. शेवटचं बगितलं ते रगतानं माखलेलं."

हे वहिनी पार्वतीला सांगून रडायची आणि पार्वती येऊन मला सांगायची. मी फळीवरून बाळारामाला म्हणायचो, "अरे गाढवा, जा की. कानाला काय झालंय आता? दोरा अडकवायची सोय झाली ना?"

"शपत हाय दगडू. बापाच्या नावाची हाय."

"बाप बघायला येतोय का?"

"म्हनून तर पाळाया पायजे."

पार्वतीनंही सांगून बघितलं. "भावजी, एक कान फाटला. दुसरा हाय ना? त्या कानानं बायकोचं आईका." तो मान खाली घालून छत्रीची तार सरळ करत बसला. एवढ्या गप्पा मारणारा माणूस, पण सासूचं नाव निघालं की त्याला तारच वाकडी दिसायची.

आणि मग तो कागद आला.

वाण्यानं गूळ बांधून दिलेला रद्दीचा कागद. विलायती मासिकाचं पान. त्यावर चित्र असं, की एका गोऱ्या माणसाच्या मोटारीच्या टपावर दोन लांबट गुंडाळ्या बांधलेल्या, आणि शेजारच्या चित्रात त्याच गुंडाळ्यांची होडी झालेली. एक नाही, दोन होड्या शेजारी शेजारी, मधे दांड्या, दांड्यांवर कापड ताणलेलं, वर शीड. कापडावर तो गोरा आणि त्याची बायको बसून हसतायत.

बाळाराम कागद घेऊन स्टेशनातल्या मालबाबूकडं गेला. मालबाबूला इंग्रजी येत होतं. त्यानं वाचून सांगितलं, की ही होडी हलकी असते, कुणीही घरच्या घरी बनवू शकतो, किनाऱ्याकिनाऱ्यानं समुद्रात चालवता येते, आणि काम झालं की घडी करून घरी नेता येते. पुढं घडी कशी करायची ते होतं. त्याच्या पुढं, उघडलेली होडी उघडीच कशी ठेवायची ते असणार, पण तिथं पान फाटलेलं होतं. उरलेल्या पानात वाण्यानं दुसऱ्या कुणाला साखर दिली असेल.

बाळाराम धावत माझ्या दुकानात आला. कानातला दोरा सुटून खांद्यावर.

"दगडू, शपत कशाची घेतली व्हती मी?"

"त्या गावच्या वाटेला पाय न लावायची."

"दर्याला वाट असते का रं?"

मी म्हटलं, नसते.

"मग म्हातारीला सांगू, किनाऱ्यावर ये. आमी दोगं पान्यात, ती वाळूत. जोडीनं बगून घे म्हनावं पोटभर. आनि आलो तसं परत. शपत बी ऱ्हायली आनि सासू बी ऱ्हायली!"

जन्म कर्जतात गेलेला माणूस. समुद्र बघितलेला तो लग्नाच्या दिवसांत, तोही एस.टी.च्या खिडकीतून.

कामाला लागला. बांबूच्या कामट्या, छत्रीच्या तारा आणि ताडपत्री. कामट्यांच्या फासळ्या केल्या, छत्रीसारख्या उघडायच्या आणि मिटायच्या. वर ताडपत्रीची साल शिवली, तिला तेल आणि रंग चोपडला. त्या वासानं आमच्या दोन्ही दुकानांतलं गिऱ्हाईक महिनाभर उभ्या उभ्याच परत गेलं. शीड जुन्या छत्र्यांच्या कापडाचं. काळंकुट्ट. आमच्याकडं छत्रीवर पांढऱ्या रंगानं आपलं नाव लिहायची पद्धत. त्यामुळं त्या शीडावर अर्ध्या कर्जतची नावं. ज्यांनी छत्र्या टाकून दिलेल्या त्यांची, ज्यांच्या छत्र्या चोरीला गेलेल्या त्यांचीही. एकजण येऊन म्हणाला, "ही माझी छत्री!" बाळाराम म्हणाला, "व्हती. आता ती जहाजात हाय."

कार्तिकात नदीवर परीक्षा ठरली. उल्हास नदीच्या डोहावर सगळं भिसेगाव जमलं. मुद्रे गावातली माणसंसुद्धा आली. बाळारामानं डोक्यावर टोपी घातली, हातात वल्हं घेतलं, आणि देवाचं नाव घेऊन मधल्या कापडावर मांडी घालून बसला. आम्ही ढकलली. होडी सुरेख निघाली. बायका म्हणाल्या, अगं बाई. डोहाच्या मधोमध गेली, आणि बाळारामानं आम्हाला हात हलवला.

तेवढ्या हलण्यानं मधल्या दांड्यांच्या बिजागऱ्या वाकल्या. दोन्ही होड्या दोन्ही बाजूंनी वर उठल्या, एकमेकीला भेटल्या, आणि आत बाळाराम. अडकित्त्यात सुपारी धरावी तसा. वरती फक्त टोपी दिसत होती, आणि वल्ह्याचं टोक.

पार्वती असती तर इथं थांबली असती, लोकांना हसून घेऊ दिलं असतं.

आम्ही पोहत जाऊन ते बोचकं ओढून आणलं. उकललं. आतून बाळाराम निघाला. तोंडातलं पाणी थुंकला आणि म्हणाला, "घडी एक नंबर झाली."

मग मी हात घातला. मला राहवेना. सांध्यांना दाराच्या जाडजूड कड्या ठोकल्या. म्हटलं, आता बघू कशी मिटते. दुसऱ्या खेपेला होडी डोहातून आरामात फिरून आली. पण पाण्यानं बांबू फुगून कड्या अशा आवळल्या की काही केल्या निघेनात. उघडीच होडी घरी न्यायची वेळ आली. आमची गल्ली अरुंद. पिठाची गिरणी आणि मारुतीचं देऊळ यांच्यामधे होडी अडकली ती पुढं जाईना, मागं येईना. दळणाचे डबे घेऊन बायका तिच्याखालून रांगत जायला लागल्या. देवळात येणारे वाकायचे ते आधी होडीला वाकायचे. बाळाराम आत बसून कड्यांवर हातोडा मारत होता, आणि पार्वती त्याला खालून चहाचा कप देत होती. एक म्हातारा मला विचारतो, "पूर येनार हाय का रं ह्या साली?"

शेवटी मला सुचलं. सायकलच्या पायडलाला कॉटर पिन असते, ठोकली की घट्ट, उलटीकडून ठोकली की बाहेर. सगळ्या सांध्यांत कॉटर पिना घातल्या. होडी उघडायला लागली, राहायला लागली, मिटायलाही लागली. बाळारामाला एवढा आनंद झाला की त्या दिवशी त्यानं ती सतरा वेळा तरी उघडली आणि मिटली असेल. पण अजून थोडं शिवण करू, अजून एक रंगाचा हात देऊ, असं करत बसला. मला वाटायला लागलं, याला बनवायचीच हौस आहे. जायची वेळ आली की याला नवीन काम दिसतं.

मग दामूचा निरोप आला. म्हातारीनं अंथरूण धरलं होतं, आता जरा उठून बसली होती, पण डोळ्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. वहिनी भाकऱ्या थापत होती, थापत राहिली. बाळारामानं तिच्याकडं बघितलं. रंगाचा डबा बंद केला आणि फळीवरून मला हाक मारली, "दगडू, उद्या निघायचं."

मी म्हटलं, माझं काय काम? तर पार्वती आतून ओरडली, "जावा तुमी. नायतर बुडेल तो गरीब."

होडीच्या दोन लांब गुंडाळ्या, वर पांढरं कापड, सुतळीनं तीन जागी बांधलेल्या. त्या आम्ही खांद्यावरून एस.टी. स्टँडवर नेल्या. लोक बाजूला होत होते. कुणी टोप्या काढल्या. कंडक्टर धावत आला.

"ओ, मयत न्याची नाय गाडीत!"

"मयत नाय, होडी हाय," बाळाराम म्हणाला.

"होडी? मग गाडीत कशाला बसताय? होडीत बसा की."

"तिच्यात बसायलाच चाललोय. तिला आधी तुमच्या गाडीत बसवा."

कंडक्टरनं गुंडाळीला बोटानं टोचून बघितलं, वहिनीच्या तोंडाकडं बघितलं, ती रडत नाही अशी खात्री करून घेतली, आणि मग टपावर चढवू दिलं. तरी खालापूरला एका म्हातारीनं गाडीच्या टपाकडं बघून हात जोडलेच. पेणला गाडी बदलली, तिथं पुन्हा तेच भांडण नव्यानं. अलिबागच्या पुढं, वहिनीच्या माहेरच्या अलीकडच्या गावात उतरलो. रात्र तिथल्या देवळात काढली.

सकाळी भरतीचं पाणी चढलेलं. आम्ही वाळूवर होडी उघडली, पिना ठोकल्या. कोळ्यांनी जाळी टाकून दिली आणि भोवती येऊन बसले. एकजण म्हणाला, "आरं, ही होडी हाय का मांडव?" दुसरा म्हणाला, "लगनातनं उचलून आनलीय." पण ढकलायला मात्र सगळे आले. चांगली माणसं.

एका होडीवर मी, दुसरीवर बाळाराम, मधल्या कापडावर वहिनी. नांगर म्हणून त्यानं कोळशाची जुनी इस्त्री दोरीला बांधून घेतलेली. वारं भरलं आणि ते काळं शीड फुगलं. खरं सांगतो, मी देवाला नवस बोललो. बाळारामाचं तोंड पांढरं पडलेलं. शीडाची दोरी त्यानं अशी धरली होती जशी उधळलेल्या बैलाची वेसण. बोलत होती ती फक्त वहिनी. समुद्राकाठची पोर. आयुष्यभर मी तिचा चढा आवाज ऐकला नव्हता, ती ओरडत होती, "वाकडं घ्या! वारा मागनं येतोय, दिसत नाय का? दगडूभाऊ, तुमी निस्तं बसा, हलू नका!" पाणी उडून तिचं लुगडं भिजलं होतं आणि ती हसत होती. खडकांचं टोक वळलो आणि समोर माडांची रांग दिसली.

"ती आमची वाडी," वहिनी म्हणाली.

किनाऱ्यावर आधीच माणसं जमायला लागलेली. काळं शीड, त्यावर नावं, बघणार नाहीत तर काय? दामू गुडघाभर पाण्यात धावत आला. डोक्याचे केस पिकलेले. जवळ येऊन शीडावरची नावं वाचायला लागला. म्हणाला, "भावोजी, एवडी मंडळी आनलीत? बाकीची कुठंयत?"

बाळारामानं इस्त्री पाण्यात टाकली. ताठ बसला. दामूकडं बघितलं नाही. मला म्हणाला, "दगडू, त्याला सांग, आमी पान्यात हाव. आमी उतरनार नाय. म्हातारीला किनाऱ्यावर आन म्हनावं."

मी दामूला सांगितलं. तो हातभर अंतरावर उभा होता, त्यानं आधीच ऐकलं होतं.

दामू म्हणाला, "बरं. आईला आनतो. तुमी बसा. निवांत बसा." आणि पाण्याकडं बघून जरासं हसला. त्यानं काय बघितलं ते आम्हाला कळलं नाही. आम्ही कर्जतची माणसं. आमची नदी सकाळी जिथं असते तिथंच संध्याकाळी असते.

म्हातारीला उठवून, लुगडं नेसवून, धरून आणायला वेळ लागला. तोवर पाणी होडीखालून सरकायला लागलं होतं. आधी इस्त्री उघडी पडली. मग होडीच्या बुडाला वाळू लागली. मग पाणी निघूनच गेलं. थोड्या वेळानं बघतो तर समुद्र तिकडं लांब, आणि आम्ही गावच्या वाळूत, मधोमध, होडीत बसलेले. कुत्री वास घेऊन गेली.

सगळं गाव हसत होतं. मी उतरलो, मला काही शपथ नव्हती. वहिनी उतरून पळत आईकडं गेली. बाळाराम मात्र बसलेला. वल्हं मांडीवर.

मी म्हटलं, "बाळाराम, ही वाळू आहे."

"दिसतंय."

"मग उतर की."

"ह्यो दर्याच हाय. जरा बाहेर गेलाय."

म्हातारी आली. वाळलेली, पांढरी, एका बाजूला लेक, एका बाजूला सून. हात पुढं करत करत आली तो माझ्याच तोंडाला हात लागला. माझे गाल चाचपले. कान चाचपले. आणि म्हणाली, "ह्यो नव्हं. ह्याचे कान धड हायत."

गाव पुन्हा हसलं. ती पुढं गेली. तिचा हात होडीच्या ताडपत्रीवर फिरला, मग बाळारामाच्या खांद्यावर, मग तोंडावर. तो हलला नाही. डोळे मिटून बसला होता. तिनं कपाळ, नाक, मिशी सगळं हळूहळू हातानं बघितलं.

"वाळलास रं," ती म्हणाली. "उतरत नायस?"

बाळारामानं मान हलवली. मग तिला दिसत नाही हे ध्यानात आलं असावं. म्हणाला, "शपत हाय."

"मग मीच चडते. जलम दर्याकाठी गेला, पर बायकांना कोन होडीत घेतंय? सरक तिकडं."

दामूनं उचलून तिला कापडावर बसवली. तिनं पदराखालून खोबऱ्याची वडी काढली आणि जावयाच्या तोंडात घातली. दिसत नसल्यानं आधी मिशीला लागली. त्यानं खाल्ली. तिनं दुसरी काढली. ऊन चढलं होतं, म्हणून त्यानं छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. आणि मग ती दोघं त्या कोरड्या होडीत बोलत बसली. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. एवढं दिसत होतं, की बोलत होता तो बाळाराम. हातवारे करून काहीतरी उघडून मिटवून दाखवत होता आणि म्हातारी, दिसत नसताना, मान डोलवत होती.

गाव कंटाळून जेवायला गेलं. मी आणि वहिनी माडाच्या सावलीत बसलो.

मी म्हटलं, "वहिनी, एवढं करायचं ते आधीच एस.टी.नं येऊन केलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

वहिनी वाळूत बोटानं रेघा ओढत होती. म्हणाली, "दगडूभाऊ, हे मला बगाया आले व्हते ना, तवा बाकीच्यांनी किती ते इचारलं. सैपाक येतो का, शिवन येतं का. ह्यांनी निस्तं एकच इचारलं. म्हनाले, तुला आई हाय का? मी म्हनले, हाय. म्हनाले, मंग चालतंय."

मी तिच्याकडं बघितलं.

"ह्यांची जन्मताच गेली. मावशीकडं वाडले. मावशीच्या घरात सगळ्यांची अंथरुनं घातली की मंग ह्यांना जागा हुडकावी लागायची." तिनं रेघा पुसल्या. "आनि मांडवात तोंडातनं शपत निघून गेली. कुनावर निघाली आनि कुनावर जाऊन पडली."

मी पायावरची वाळू झाडत बसलो. मला बोलता येतं ते टोचतं, म्हणून.

उन्हं कलली आणि भरती आली ती एकदम आली. आधी ओली वाळू चमकली, मग फेस, मग पाणी होडीच्या बुडाला. दामू आणि मी धावलो. होडी उचलली जायला लागली होती, ओढ मोठी होती, इस्त्रीला कोण विचारतंय? एका बाजूला मी धरली, दुसऱ्या बाजूला दामूनं. पाणी मांड्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत. लाटेसरशी दामू ओरडला, "भावोजी, आईला द्या माज्याकडं! पानी वाडतंय!"

म्हातारीनं मान बाळारामाच्या खांद्यावर टाकली होती. तोंड किंचित उघडं, बारीक घोरत होती. बाळारामानं छत्री अजून तिच्यावर तशीच धरली होती, किती वेळ झाला देव जाणे. त्यानं दामूकडं बघितलं. माझ्यामार्फत नाही, सरळ त्याच्याकडं.

"बोंबलू नको रं दामू," तो हळूच म्हणाला. "आई झोपलीय."

दामूनं तोंड मिटलं. आणि आम्ही दोघं छातीभर पाण्यात, होडी जराही हलू न देता, उभे राहिलो.